तिथी पाहून वल्हं उचला: शास्त्री नदीतून एकट्यानं करायच्या शैक्षणिक सफरीची तयारी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराला शास्त्री आणि सोनवी या नद्या एकत्र येतात आणि तिथून जयगडला समुद्र भेटेपर्यंत पाण्याची वाट सुमारे ५२ किलोमीटरची आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात ही वाट 'राष्ट्रीय जलमार्ग ९१' म्हणून नोंदली गेली. एकेकाळी गलबतं आणि मचवे याच पाण्यानं आत येत, फुणगूससारखी गावं बंदरं म्हणून नांदत. आज त्याच काठावरच्या शाळेतली मुलं 'खाडी म्हणजे काय' हे पुस्तकातल्या चित्रावरून पाठ करतात. खिडकीबाहेर खाडी असते, पण त्या पाण्याशी त्यांचा संबंध उरलेला नसतो, कारण आता सगळी ये-जा रस्त्यानं होते.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. ही सफर मी वल्ह्याच्या कयाकमधून केली आहे, एकदा चुकत आणि पुढे नीट. वाटेतल्या शाळांत थांबायचं, नदीचं पाणी त्यांच्यासमोर मोजायचं आणि ते आकडे घेऊन पुढच्या शाळेत जायचं, असा तिचा बेत असतो. तुम्हाला शास्त्री नको असेल तर सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका, काजळी, वाघोटण यांतली तुमच्या गावाची नदी घ्या. गावांची नावं बदलतील, रीत हीच राहील.

आधी प्रश्न, मग नदी

बहुतेक जण सफर आधी ठरवतात आणि 'शैक्षणिक' हा शब्द मागाहून चिकटवतात. मग शाळेत जाऊन होतं काय? दहा मिनिटं पर्यावरणावर भाषण, एक सामूहिक फोटो आणि टाळ्या. मुलांच्या हाती काही लागत नाही. म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. ज्याचं उत्तर नदीतून गेल्याशिवाय मिळणार नाही असा एकच प्रश्न लिहा. माझा प्रश्न होता, 'खारं पाणी कुठवर येतं?'

प्रश्न साधा आहे. पण तो धरला की काठावरचं सगळं त्याला येऊन जुळतं. भातशेतीला खारबंदिस्तीचा बांध कुठे लागतो, कोणत्या गावची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, तिवरं कुठे सुरू होतात, तिसऱ्या (शिंपले) कुठे मिळतात, ही सगळी त्याच प्रश्नाची पोटउत्तरं आहेत. चौथीतलं मूल त्यात भाग घेऊ शकतं आणि दहावीतल्या मुलाला त्यात घनता, क्षार, भरती-ओहोटी असं बरंच सापडतं. दोन-तीन प्रश्न एकदम घेऊ नका. एकट्या माणसाला होडी सांभाळून एकाच मोजणीला न्याय देता येतो.

हंगाम आणि तिथी

जून ते सप्टेंबर नदीत उतरायचं नाही, यावर चर्चा नको. ऑक्टोबरात ऊन भाजतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ योग्य. पहाटे खाडीवर धुकं असतं, पाणी शांत असतं, पावसाचं गोडं पाणी ओसरत आलेलं असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याची आत सरकणारी सीमा पकडता येते.

आता तिथी. या लेखातलं हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

पहिल्या वेळी मी सफर किलोमीटर मोजून आखली होती. तासाला चार किलोमीटर, अकरा वाजता पहिली शाळा, असं सरळ गणित. सुट्ट्या जुळत होत्या म्हणून निघायला द्वितीया निवडली गेली, ती पंचांग न बघताच. सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा ओहोटी संपत आली होती. आठच्या सुमारास होडी गाळाच्या उंचवट्यावर टेकली आणि पाणी डोळ्यांदेखत बाजूनं निघून गेलं. उतरून ढकलायला गेलो तर पाय गुडघ्यापर्यंत आत. काठावरून एक म्हातारे तरवाले (लोकांना होडीनं पलीकडे नेणारे) बघत होते. त्यांनी हाक दिली, "गुर्जी, आज तित कंची?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "दुज हाय. मंग अकरा वाजंपरत हतंच बसा." बरोबर अकराला होडी हलली. पण आता भरती समोरून येत होती आणि वाराही समोरूनच. शाळेच्या धक्क्यावर पोचायला तीन वाजले. मुलं दोन तास उन्हात वाट बघून परत गेली होती. ती रिकामी पायरी मी विसरलेलो नाही.

तरवाल्यांनी तोंडी केलेला हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते आणि म्हणूनच पाऊणपट. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा तारीख ठरल्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून जवळच्या बंदराची वेळ ताडून घ्याच.

आता हे दिवसाच्या वाऱ्याशी जुळवू. शाळेच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणजे जयगडला जाणाऱ्याच्या पाठीशी. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो आणि खाडीतून थेट तोंडावर येतो. तेव्हा आपल्याला अशी ओहोटी हवी, जी सकाळी सात-साडेसातला सुरू होते आणि दुपारपर्यंत पाणी समुद्राकडे नेते.

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती भर दुपारी असते. मग ओहोटी दुपारनंतर वाहते, नेमकी खाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध. पाणी एका बाजूला आणि वारा दुसऱ्या बाजूला गेला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छोटी होडी त्यांत आपटत राहते. उलट भांगाला, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, भरती सकाळी असते. शिवाय भांगाला पाणी उधाणाच्या मानानं जवळपास निम्मंच चढतं-उतरतं, त्यामुळे ओढही सौम्य.

यात एक सुंदर जुळणी आहे. भरती रोज पाऊण तासानं उशिरा येते. पण खाडीच्या तोंडाशी आलेली भरती आत संगमेश्वरापर्यंत पोचायला तास-दीड तास जास्त घेते. आपण रोज तोंडाकडे सरकत असतो, म्हणजे हा उशीर रोज कमी होत जातो. सप्तमीला तोंडाशी सव्वापाच, तर वर संगमेश्वराकडे पावणेसातच्या आसपास. अष्टमीला मधल्या टप्प्यात सात. नवमीला त्याखाली सव्वासात. दशमीला तोंडाजवळ साडेसात. सप्तमीला निघून दशमीला पोचणाऱ्याला चारही दिवस पाणी साधारण एकाच वेळी 'चला' म्हणतं. हे कागदावर उतरलं तेव्हा मी ती चौकट वर्गात फळ्यावर काढली. मुलांना पंचांगाचा आणि भूगोलाचा इतका जवळचा संबंध कधी दिसला नव्हता.

वरच्या भागात, विशेषतः पहिल्या दिवशी, भांगाची भरती फार चढत नाही. गोटे आणि गाळ वर असतात. तिथे भरती पूर्ण झाली की पंधरा-वीस मिनिटांत निघायचं, रेंगाळायचं नाही. ओहोटीचा वेगही सारखा नसतो. सहा तासांत उतरणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटी एक. सातला निघालात तर नऊ ते अकरा या वेळात पाणी तुम्हाला सर्वांत जास्त मदत करेल. पाचव्या तासापर्यंत धक्क्याला लागलेलं असावं, नाहीतर धक्का आणि होडी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उभा राहतो.

शेवटी हे शाळेच्या वेळापत्रकात बसवा. सप्तमी मंगळवारी आली तर चार दिवस मंगळ, बुध, गुरू, शुक्र. शनिवारची सकाळची शाळा आणि रविवार टळतात. महिन्यात शुद्ध आणि वद्य अशा दोन सप्तम्या येतात. त्यांतली वाराशी जुळणारी, परीक्षा आणि सहली टाळणारी एखाद-दुसरीच संपूर्ण हिवाळ्यात मिळते. तेव्हा जूनमध्येच दिनदर्शिका घेऊन बसा.

टप्पे आणि काठ

५२ किलोमीटरचे चार भाग केले तर रोज तेरा. भरलेली होडी वल्हवत तासाला चार किलोमीटर, त्यात ओहोटीची मदत, म्हणजे तीन-साडेतीन तास. पाण्यात एवढंच राहायचं. उरलेला दिवस शाळेचा आहे.

नकाशावर टप्पा ठरवताना अंतर न बघता उतरायची जागा बघा. ओहोटी निम्मी झाली तरी पाणी ज्याला लागलेलं असतं असा धक्का, घाट किंवा तरीची जागा मोजकीच असते. सफरीच्या महिनाभर आधी मोटरसायकलवरून दोन्ही काठ फिरा आणि प्रत्येक जागा ओहोटीच्या वेळी डोळ्यांनी पाहा. भरतीत सगळेच धक्के चांगले दिसतात. प्रत्येक जागेवर दोन माणसं ओळखीची करा: तरवाला किंवा मासेमारी करणारा, आणि शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचे फोन नंबर वहीत लिहा, फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका.

पहिला मुक्काम फुणगूसच्या आसपास ठेवला की वरचं अरुंद, वळणावळणाचं पात्र एका दिवसात मागे पडतं. मधल्या टप्प्यात गडनदीसारख्या उपनद्या येऊन मिळतात आणि पात्र रुंदावतं. तिसऱ्या दिवशी राई-भातगाव पुलाचा भाग. इथून एका हाताला रत्नागिरी तालुका आणि दुसऱ्या हाताला गुहागर. चौथ्या दिवशी जयगड.

या खालच्या भागात एक नियम पाळा. एकच काठ धरून चालायचं आणि पाणी थांबलेलं असेल तेव्हाच पलीकडे जायचं. रुंद खाडीच्या मधोमध एकट्या होडीला काही कारण नाही. जयगडला मोठ्या जहाजांचं बंदर आहे आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीची सतत ये-जा असते. फेरीबोटीच्या पुढून कधीही आडवं जाऊ नका, तिला पटकन थांबता येत नाही. सफर खाडीच्या आतच धक्क्यावर संपवायची. तोंडाबाहेरच्या लाटा आणि खाडीचं पाणी यांत फार फरक आहे. समुद्र गाठल्याचं समाधान हवं असेल तर जयगडच्या किल्ल्यावर चढून बघा, तो पुरता दिसतो.

खुंट्यांना बांधलेली डोल जाळी मधल्या आणि खालच्या भागात असतात. पाण्यावर दोन खुंट्यांच्या रांगा दिसल्या की त्यांच्यामधून जायचं नाही, ओहोटीत होडी जाळ्यात ओढली जाते. बाहेरून जा आणि कोणी होडीत असेल तर हात करा. वाळू काढणाऱ्या होड्या दिसल्या तर त्यांच्या दोरांपासून लांब राहा, ते पाण्याखाली ताणलेले असतात.

मगरींबद्दल नीट बोललं पाहिजे. वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्री या नद्यांत मगरी आहेत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शास्त्रीच्या वरच्या भागातही 'इथे नसतील' असं गृहीत धरू नका, काठावर विचारा. थंडीत त्या सकाळी उन्हाला वाळूवर पडतात. दिसली तर थांबा, पलीकडच्या बाजूनं शांतपणे पुढे जा. हातपाय पाण्यात सोडून बसायचं नाही, अंधारात आणि संधिप्रकाशात वल्हवायचं नाही, चिखलाच्या काठावर बसून भांडी घासायची नाहीत. मुलांना पाण्यात उतरवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एकटं म्हणजे होडीत एकटं

एकट्यानं जायचं ते होडीत. बेतात मात्र एकटं राहायचं नाही. काठावर एक माणूस हवा, मोटरसायकलवर, सगळं वेळापत्रक हातात असलेला. माझा मेहुणा हे काम करतो. रोज दोन निरोप: 'निघालो' आणि 'लागलो'. वळणांच्या दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून निरोप आला नाही तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. ठरलेल्या वेळेनंतर एक तास वाट बघायची. मग मधल्या जागेच्या तरवाल्याला फोन. त्यालाही काही दिसलं नसेल तर ११२. खाडीच्या तोंडाजवळच्या दिवशी तटरक्षक दलाचा १५५४ हाही नंबर त्याच कागदावर असतो. १०८ ही रुग्णवाहिका. कागदाची एक प्रत घरी, एक काठावरच्या माणसाकडे आणि एक सागरी पोलीस ठाण्यात.

परवानग्यांचं काम सफरीच्या दोन महिने आधी सुरू करा. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. अर्जात तारखा, होडीचा रंग, लांबी, उतरण्याच्या जागा आणि काठावरच्या माणसाचा नंबर द्या. शाळांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र आणि केंद्रप्रमुखांमार्फत प्रत्येक मुख्याध्यापकांना दुसरं. पत्रात 'मुलांना होडीत बसवणार नाही, सर्व काम धक्क्यावर किंवा वर्गात होईल' हे वाक्य ठळकपणे लिहा. ते वाचल्यावर बहुतेक मुख्याध्यापकांचा चेहरा सैल होतो.

होडी आणि अंग

उघड्या बैठकीची, बारा फुटांच्या आसपासची प्लॅस्टिकची कयाक या कामाला बरी. उलटली तरी पाणी साचत नाही, वर चढता येतं. वजन पंचवीस किलोच्या घरात जातं, सामान वेगळं. म्हणून दोन चाकांची छोटी ढकलगाडी बरोबर घ्या, नाहीतर प्रत्येक धक्क्यावर चार माणसं शोधावी लागतात.

जीवरक्षक जाकीट होडीत ठेवायची वस्तू नव्हे. ते अंगात, सगळे पट्टे लावून, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत. शिट्टी त्यालाच बांधलेली. दुसरं वल्हं होडीला बांधून. पायांत जुने, बंद बूट, कारण खडकांवरची कालवं अनवाणी पायाला ब्लेडसारखी कापतात. उथळ पाण्यात उतरावंच लागलं तर पाय उचलून न टाकता घसटत न्या. तळाशी पाकट असेल तर ती बाजूला होते.

तयारीला दोन महिने द्या. सुरुवातीला मुद्दाम उलटायचा सराव, कोणीतरी जवळ असताना. सामान बांधलेली होडी उलटून, सरळ करून, कोणाच्या मदतीशिवाय वर चढणं दहादा जमलं पाहिजे. शेवटचे दोन-तीन वेळा दुपारच्या वाऱ्यात करा. तिथे जमत नसेल तर सफर पुढच्या सप्तमीवर टाका. मग सलग दोन दिवस तेरा-तेरा किलोमीटर वल्हवून बघा. पहिला दिवस सगळ्यांना जमतो, दुसऱ्या दिवशी खांदा खरं बोलतो.

पाणी रोज चार-पाच लिटर. खाडी भरून पाणी असतं, पण पिण्याचं एक थेंबही नाही. राहायला तंबू लागत नाही. शाळा, देवळाचा सभामंडप किंवा कुणाची ओटी आधी बोलून ठेवली की रात्रीच्या गप्पांत नदीची जी माहिती मिळते ती कुठल्या पुस्तकात नाही. तिवरांत मुक्काम किंवा चूल करू नका. ते संरक्षित वन आहे आणि तिथे भरतीचं पाणी रात्री अंथरुणाखाली येतं.

मोजायचं कसं

उपकरणं स्वस्त आहेत आणि मुलांना स्वतः करता येतील अशीच घ्यायची.

पाण्याचा गढूळपणा मोजायला सेकीची चकती. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ साली ही पद्धत वापरली. २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी थाळी घ्या, चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. धक्क्यावरून सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. वर ओढताना पुन्हा दिसली की परत मोजायच्या आणि दोन्हींची सरासरी घ्यायची.

खारेपणासाठी घरातल्या पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो टीडीएस पेन चालतो. लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत, ते तो सांगतो. पण त्याची मोजण्याची मर्यादा बहुधा दहा हजाराच्या आत असते आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पेनच्या भाषेत पस्तीस हजार. पेन तिथे हात टेकतो. यावर उपाय सोपा आहे. एक भाग खाडीचं पाणी, नऊ भाग बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, नीट ढवळायचं आणि आलेला आकडा दहानं गुणायचा. हे गुणोत्तराचं उदाहरण सहावी-सातवीच्या मुलांना गणिताच्या तासाला जितकं समजत नाही तितकं इथे समजतं.

आणखी एक करा. सफरीच्या आधी जयगडच्या बाजूनं उघड्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणा. तेही असंच पातळ करून मोजा आणि तो आकडा शंभर धरा. मग प्रत्येक गावाचं पाणी 'समुद्राच्या शंभरातलं किती' असं सांगता येतं. पेन थोडा चुकत असला तरी सगळीकडे सारखाच चुकतो, त्यामुळे तुलना टिकते.

खरी गंमत तळाच्या पाण्यात आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून भरतीबरोबर आत येणारं खारं पाणी तळातून पाचरीसारखं घुसतं आणि गोडं त्याच्यावरून वाहतं. हे पकडायला काचेची जाड बाटली घ्या, तिला दगड बांधा, बूच सैल बसवा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी सोडायची, मग बुचाची दोरी झटक्यानं ओढायची. वर बुडबुडे येतात, ते थांबले की बाटली भरली.

पहिल्या मुक्कामाच्या धक्क्यावर हे करत होतो तेव्हा सातवीतला एक मुलगा पालथा पडून बुडबुडे मोजत होता. वरच्या पाण्यात पेन शेकड्यांत होता. मुलं म्हणाली, गोडं आहे. मग तळाची बाटली वर आली आणि तिच्यात पेन मर्यादेबाहेर गेला. क्षणभर कोणी बोललं नाही. मग त्या मुलानं विचारलं, "म्हणजे आमच्या खालून समुद्र चाललाय?" त्या एका वाक्यासाठी चार दिवसांचं वल्हवणं कमी आहे.

होडीतून तळाचं पाणी काढायचा मोह होईल. वाहत्या पाण्यात नांगर टाकू नका, होडीच्या बाजूला दोर ताणला की ती उलटते. सगळ्या मोजण्या धक्क्यावरून, आणि भरतीपासून साधारण तितक्याच तासांनी करा. वेळ आणि भरतीनंतरचे तास लिहिले नाहीत तर आकडा निरुपयोगी.

शाळेतले दोन तास

शाळेत भाषण करू नका. बाटल्या, पेन, चकती मुलांच्या हातात द्या आणि मागे उभे राहा. आदल्या शाळेचा तक्ता भिंतीवर लावा, त्यात या शाळेचा आकडा मुलांनाच भरू द्या. आपल्या गावाचा आकडा शेजारच्या गावाच्या आकड्याशेजारी बसला की मुलं नकाशा वाचू लागतात.

झाडं ओळखायचा खेळ जरूर घ्या. कमानीसारखी मुळं आणि झाडावरच लोंबणारी रोपटी म्हणजे कांदळ. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेलं आणि पानाखाली रुपेरी छटा असलेलं तिवर. पांढऱ्या फुलांची चिप्पी, जिला २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. हुऱ्याच्या झाडापासून मुलांना लांब ठेवा, त्याचा दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. चौथीतल्या एका मुलीनं तिवराचं पान तोडून जिभेला लावलं आणि ओरडली, "सर, मीठ!" तिवर मुळांतून घेतलेला जादा क्षार पानांवाटे बाहेर टाकतं, हे मग मला सांगावंच लागलं नाही, तिनंच बाकीच्यांना सांगितलं.

वरच्या गावात काळवत्रीचा (बेसॉल्टचा) दगड आणि खाली जयगडकडे जांभा, असे दोन तुकडे होडीत ठेवा. मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होता. तो चढत आला आणि नद्यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या, त्याच आपल्या खाड्या. संगमेश्वराच्या शाळेत इतिहासाच्या शिक्षकांना बरोबर घ्या. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज इथे पकडले गेले हे मुलांना ठाऊक असतं. या गावाला घाटाची वाट आणि पाण्याची वाट दोन्ही जवळ होत्या, हे नकाशावर दाखवलं की गावाचं महत्त्व कळतं.

परत आल्यावर

पंधरा दिवसांच्या आत तक्ता पूर्ण करून सगळ्या शाळांना पाठवा. मी एका लांब कागदावर नदी काढतो, प्रत्येक गावाशी दोन खांब: वरचं पाणी निळ्यानं, तळाचं हिरव्यानं. आकडा ज्यानं वाचला त्या वर्गाचं नाव खाली. प्रत्येक शाळेला एक पेन आणि एक बाटली ठेवायला देतो. त्यांच्याकडून एकच मागतो: मे महिन्यात, विहिरी खाली गेल्यावर, सप्तमीला त्याच धक्क्यावर पुन्हा एकदा मोजा आणि कळवा. हिवाळ्यातल्या खांबाशेजारी उन्हाळ्याचा खांब काढायची जागा त्या कागदावर मी मोकळी ठेवतो. गेल्या मे महिन्यात पहिला आकडा फुणगूसच्या बाजूच्या शाळेतून आला, पोस्टकार्डावर, वेळ आणि तिथीसकट.